पिठाचा खोकला

रविवारी दुपारी बेकरीचं शटर अर्ध्यावर ओढलेलं दिसलं की गल्लीला न सांगता कळायचं, आत भांडण चाललंय.

भांडण नेहमी मळायच्या टेबलाभोवतीच व्हायचं. हा अण्णांचा नियम. ताई, दादा आणि धाकट्याचे वडील, म्हणजे अण्णा, जाऊन वीस वर्षं होत आली, तरी नियम ठणठणीत होता. घरात वाद पेटला की प्रत्येकानं समोर पिठाचा एक गोळा घ्यायचा, बाह्या वर सारायच्या आणि मळता मळता बोलायचं. पिठात बरबटलेले हात कुणावर उगारता येत नाहीत आणि तणतणत निघूनही जाता येत नाही. दाराची कडी कशानं काढणार? शिवाय भांडण मिटेपर्यंत सोमवारच्या पावांचं पीठ तयार! अण्णांचं डोकंच तसलं.

आजचं भांडण ताईवरून होतं, आणि गोळे वाटत होती तीही ताईच.

"हा तुझा, दादा. हा वहिनीचा. जरा सैल आहे, दाबून मळ गं. भोंगे, तुला छोटा."

"छोटा का? मी काय लहान आहे?" दादाची मुलगी फणकारली. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देताना जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तिला यंदा अख्खं घर भोंगा म्हणत होतं. अकरावीत गेली आणि कुठून कोण जाणे, पोरीला कंठ फुटला.

"तुझं तोंड चालतं तेव्हा हात थांबतात म्हणून," ताई म्हणाली आणि खोकली. टेबलाकडे पाठ करून, कोपरात तोंड खुपसून. सगळ्यांचे हात थांबले.

"मळा," ताई म्हणाली. "खोकला ऐकायला जमलो नाही आपण."

खरं तर त्यासाठीच जमले होते.

या घरात खोकल्याला खोकला म्हणायची पद्धत नव्हती, 'पीठ' म्हणायचे. अण्णांना पीठ लागलं, दादाला पीठ लागलं, आज जरा जास्तच पीठ उडालं. तीन पिढ्या बेकरीत गेल्या, कोण कशाला काळजी करतंय! अण्णा वर्षभर खोकत होते आणि घर वर्षभर पिठाला शिव्या देत होतं. छातीतला रोग कळला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढं होऊनही ताई खोकायला लागली तेव्हा पुन्हा सगळे काय म्हणाले? पीठ! ताईसुद्धा तेच म्हणाली.

भोंगा तेवढी म्हणाली नाही. त्या दिवसांत भट्टीचं बांधकाम काढलं होतं, बेकरी बंद, पोती दुसरीकडे हलवलेली, टेबल धुऊन पुसून लख्ख. आत्या तरी खोकतच होती. "पीठ नाही तर पिठाचा खोकला कुठून आला?" असं तिनं विचारलं. मग ती आत्याला हाताला धरून छातीचा फोटो काढायला घेऊन गेली आणि नंबर येईपर्यंत बाकावरून हललीच नाही. फोटोत उजव्या बाजूला वर एक ठिपका निघाला. पुढच्या गावी जाऊन मोठं स्कॅन केलं. सुई घालून तुकडा काढला. तो तपासायला गेला, तिथं रेंगाळला, एकदा हरवला, सापडला आणि परत आला. ठिपका म्हणजे कॅन्सरची गाठ होती.

छातीचे डॉक्टर शेजारच्या गावात राहायचे आणि इथं तपासायला पंधरवड्यातून एकदा यायचे. भला माणूस, बेकरीचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी ताईचे हात हातात घेऊन सांगितलं, आराम करा, चांगलं खा, उगाच दगदग नको. गाव जे समजलं तेच ताई समजली. संपलं.

तेवढ्यात शटरखालून वाकून धाकटा आत आला. मागोमाग त्याची बायको.

दादानं मान वर केली नाही. अण्णांना शेवटी ज्या मोठ्या शहरात नेलं, तिथंच धाकट्यानं नोकरी धरली, लग्न केलं, घर केलं. दादाच्या मते त्या शहरानं बापही गिळला आणि भाऊही. दोघं एका छपराखाली येऊन अकरा वर्षं झाली होती.

"हात धू," ताई म्हणाली.

"ताई, मी बोलायला आलोय. मळायला नाही."

"मग बोलू नकोस."

धाकट्यानं घड्याळ काढलं, अंगठी काढली, नळ सोडला. ताईनं त्याच्यापुढे सगळ्यात मोठा गोळा आपटला. त्याची बायको कधीच बाह्या वर करून उभी होती. धाकटी मोठ्या रुग्णालयात स्कॅनच्या यंत्रावर कामाला होती. ताईचं स्कॅन तिनं चार दिवसांपूर्वी फोनवर मागवून घेतलं होतं आणि त्याच संध्याकाळी गाडीची तिकिटं काढली होती.

"ताई, सरळ सांगू का?" धाकटी म्हणाली.

"वाकडं सांगणारे इथं पुष्कळ आहेत. तू सरळच सांग."

"गाठ लहान आहे. एकाच जागी आहे. तिकडे अशा गाठीचं ऑपरेशन करतात. छातीत कॅमेरा घालून फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकतात."

"करतात," दादा पहिल्यांदा बोलला. गोळा असा दाबला की टेबल करकरलं. "अण्णांचंही काय काय करणार होते. तिसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत एकटा बसलो होतो."

"अण्णांना उशिरा नेलं रे, दादा!" धाकटा म्हणाला.

"आणि तू तिथंच राहिलास."

"झालं!" वहिनी म्हणाली. "वन्संचं काय ते बोला. तुमच्या दोघांचा जुना खटला नंतर काढा."

दादानं पिठाचा हात हवेत फिरवला. "ठीक आहे. वन्संचंच बोलतो. या गावात ज्यांना ज्यांना हा रोग झाला त्यांची नावं घ्या. अण्णा. गिरणीतला फिटर. शाळेचा घंटावाला. पलीकडच्या गल्लीतली शिंपीण, बिचारीनं आयुष्यात विडी पाहिली नव्हती. यातला एक तरी परत आला? एक! माझ्या ताईला मी तिथं परक्या खाटेवर नेऊन टाकू? इथं भट्टी आहे, आम्ही आहोत. जायचंच असेल तर..." तो नाक ओढत जोरजोरात मळायला लागला.

ताईला त्याचं पटलं. हीच तर पंचाईत होती. मरणाचं तिला तेवढं वाटत नव्हतं. आपल्या टेबलापासून, आपल्या माणसांपासून लांब, कुठंतरी छतावरचे दिवे मोजत मरायचं, हे नको होतं. गावात या रोगातून उठलेलं माणूस तिनं पाहिलेलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. जे कधी पाहिलंच नाही ते मागायचं कसं?

"मी पाहिलेत," धाकटी म्हणाली.

"काय?"

"परत आलेले. दर आठवड्याला बघते मी. एक बसचा कंडक्टर आहे, ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. आला की 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत सगळ्या रांगेला हसवतो. एक बाई आहेत, त्या दर तपासणीला केसांचा नवा रंग लावून येतात. आम्ही पैजा लावतो, या वेळी कुठला."

"मग या वेळी कुठला होता?" भोंगानं विचारलंच.

"जांभळा."

ताईच्या पोटातून हसू आलं आणि पाठोपाठ खोकला.

दादा मात्र हसला नाही. "रोग तोच ना? का तिकडे नरम पडतो आणि इकडे कडक?"

"रोग तोच आहे, दादा. पण इथं बघा ना, फोटो एका गावात, स्कॅन दुसऱ्यात, तुकडा तिसरीकडे. डॉक्टर पंधरा दिवसांनी. फुप्फुसाचं ऑपरेशन करणारा तर जवळपास कुणी नाहीच. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, आणि गाठ काही थांबत नाही. तिकडे हे सगळं एका इमारतीत आहे. दर मंगळवारी सगळे डॉक्टर एका टेबलाभोवती बसतात, एकेका पेशंटचं स्कॅन लावतात आणि कडाकडा भांडतात. एक म्हणतो कापा, दुसरा म्हणतो औषध द्या, तिसरा म्हणतो थांबा, गाठीची अजून एक तपासणी करू."

"म्हणजे आपल्यासारखंच," ताई म्हणाली. "फक्त त्यांचे पाव होत नाहीत."

आता वहिनीही फसकन हसली आणि आपला गोळा उचलून दादाच्या शेजारून धाकटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एवढंच केलं, पण टेबलावर ते सगळ्यांना दिसलं.

"तू पण?" दादा म्हणाला.

"मला अठरा वर्षं वन्संचा ओरडा खायची सवय झालीये. मला अजून अठरा वर्षं खायचाय."

"मी आहे, आत्या, तुझ्या बाजूनं," भोंगा म्हणाली.

"माझी बाजू कुठली ते मलाच कुठं माहीत आहे," ताई म्हणाली.

ती मळायची थांबली. या टेबलावर तिला कधी कुणी थांबलेलं पाहिलं नव्हतं. धाकटी तिकडची, ती तिकडचंच सांगणार. दादा इकडचा. आणि डॉक्टर? डॉक्टरांनी इथं बसून सांगितलं होतं. तेच डॉक्टर तिथं बसले असते तर?

"भोंगे, डॉक्टरांना फोन लाव."

"आत्ता? रविवारी?"

"रविवारी पाव खातात ना ते?"

ताईचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. फोन धरणार कसा? भोंगानं आपले हात झग्याला पुसले, फोन लावला, आवाज मोठा केला आणि टेबलाच्या मधोमध धरून उभी राहिली. त्यामुळे पुढचं सगळं सगळ्यांनी ऐकलं.

"बोला ताई! पाव संपले वाटतं?"

"पाव आहेत. डॉक्टर, एकच विचारायचंय. समजा मी इथली नाही. त्या मोठ्या शहरात राहते. तुम्हीही तिथंच. माझं हेच स्कॅन तुमच्या हातात आहे. मला काय सांगितलं असतंत?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"ताई, तिकडची गोष्ट वेगळी..."

"वेगळी कशी? फुप्फुस हेच. बाई मीच. तुम्हीही तुम्हीच. मग?"

भोंगाचा हात अवघडला, तरी तिनं तो हलवला नाही.

"मग म्हणालो असतो, उद्या या आणि भरती व्हा," डॉक्टर म्हणाले. "गाठ काढण्यासारखी आहे. तुमचा श्वास चांगला आहे, हृदय चांगलं आहे. एक दिवस घालवू नका म्हणालो असतो."

वहिनीनं तोंडावर हात नेला आणि नाकाला पीठ लागलं.

"मग मला का नाही म्हणालात?"

"आधी म्हणायचो ताई सगळ्यांना. कुणी जायचं नाही. गेले ते इतक्या उशिरा गेले की जाऊन उपयोग नव्हता. मग लोक मलाच म्हणायला लागले, कशाला पाठवलंत. हळूहळू मी ते म्हणायचंच सोडलं." "तुमची गाठ लवकर सापडलीय हे मला दिसत होतं. पण सवयीनं तेच बोलून गेलो. चुकलं माझं."

"चुकलं तर सुधारा. आत्ता म्हणा."

"आत्ता?"

"आत्ता, मोठ्यानं. माझा भाऊ ऐकतोय."

डॉक्टरांनी घसा खाकरला. मग त्या माणसाच्या तोंडून गावानं कधी ऐकला नसेल असा खणखणीत आवाज निघाला. "ताई, जा! उद्याच्या गाडीनं जा. चिठ्ठी मी संध्याकाळी स्वतः आणून देतो."

भोंगानं फोन ठेवला. भोंगासुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजा.

दादा टेबलाच्या कडेला टेकला होता. त्याच्या गोळ्यात बोटांची खोल भोकं पडली होती. त्यानं एकदम धाकट्याकडे बघितलं.

"तुझ्या घराला जिने आहेत का रे?"

धाकट्याला आधी कळलंच नाही. "आहेत. चार मजले. लिफ्ट कधी चालते, कधी नाही."

"मग चालेपर्यंत मी खाली तुझ्या नावानं ओरडत बसेन. ताईला मी नेणार. सोडून येणार नाही, थांबणार. घेऊनच परत येणार."

"दादा, मी आहे ना तिथं..."

"तू आहेस म्हणूनच तर नेतोय, गाढवा."

धाकट्यानं टेबलापलीकडून हात लांब करून दादाचा भोकं पडलेला गोळा ओढला, आपल्या गोळ्यात मिसळला आणि दोन्ही एकत्र मळायला लागला. त्याचे डोळे गळत होते आणि दोन्ही हात पिठात, पुसणार कशानं! धाकटीनं आपल्या बाहीनं त्याचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

"चला," ताई म्हणाली. "ठरलं. पण भट्टी बंद राहणार नाही. कोण बघणार?"

"मी," वहिनी म्हणाली.

अठरा वर्षांत ताईनं वहिनीला भट्टीच्या तोंडाशी उभं राहू दिलं नव्हतं. मळ, कापून दे, गल्ला सांभाळ, पण भट्टी नाही. ताईनं वहिनीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. छाती उघडायला ती तयार झाली होती. हे त्याहून अवघड होतं.

"करपवशील," ती म्हणाली.

"करपवीन," वहिनी म्हणाली. "तुम्ही परत येऊन ओरडा."

ताईनं कमरेचा भट्टीचा जाड रुमाल सोडला आणि वहिनीच्या खांद्यावर टाकला.

सोमवारी गाडी सुटली. त्यापुढचे दिवस बेकरीत फोनवर मोजले गेले. मंगळवारी तिथले डॉक्टर ताईवरून भांडले, आणि भांडणात कापा म्हणणारे जिंकले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दादानं बाहेरच्या बाकावर बसून धाकट्याच्या मांडीवर डोकं ठेवून डुलकी काढली, हे धाकटीनं भोंगाला सांगितलं आणि भोंगानं गल्लीला. शुद्धीवर आल्यावर ताईला फुप्फुसाच्या व्यायामाचं एक खेळणं दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की आतले तीन छोटे गोळे वर उचलले जातात. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. चौथ्या दिवशी तीनही टणाटण वर गेले आणि ताई शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "तुमचा एकच? जोर लावा की!"

मग तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती. आजूबाजूला रोग पसरलेला नव्हता. दर काही महिन्यांनी येऊन दाखवून जायचं, बास. दादानं घरी फोन केला आणि नुसता "हॅलो, हॅलो" करत राहिला. शेवटी ताईनं फोन हिसकावून घेतला.

"वहिनी, भट्टी कशी आहे?"

"उजवीकडचे जरा लालसर होतात, वन्सं."

"मधला ट्रे फिरव. आणि ऐक. मी येतेय."

ताई परत आली तेव्हा बेकरीपुढे ही गर्दी! पाव घ्यायला कुणीच आलं नव्हतं. बघायला आले होते. फिटरची बायको आली, शिंपिणीचा नवरा आला, रिक्षावाले आले, शाळा सुटलेली पोरं आली. गर्दीच्या मागे डॉक्टर, पिशवी छातीशी धरून. दादा एका बाजूला, धाकटा दुसऱ्या बाजूला, तरी ताईनं दोघांचेही हात झटकले आणि स्वतः पायऱ्या चढली. सावकाश. प्रत्येक पायरीवर श्वास घेऊन. पण चढली! वर पोचल्यावर ती वळली. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे असं का बघतायत, तिला कळेना. मग कळलं. त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"काय बघताय? मीच आहे," ती म्हणाली. "हात लावून बघायचाय का कुणाला?"

भोंगा अशी ओरडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. गिऱ्हाइकं, शेजारी, पोरं, सगळे. डॉक्टर मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, पिशवी काखेत दाबून.

ताई आत गेली, ट्रेकडे बघितलं. पाव चांगले होते. एक उचलून तिनं खाल्ला, उभ्यानंच, आणि वहिनीला काही म्हणाली नाही. वहिनीला तेवढं पुरलं. ती मागच्या खोलीत जाऊन रडून आली.

गर्दी पांगल्यावर गल्ल्यापाशी एक रंगारी उभा राहिला. नखांत निळा रंग, बरोबर बायको. पाव मागितला नाही. छातीवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "माझाही ठिपका निघालाय, ताई. सगळे म्हणतात, घरीच थांब. तुम्ही... तुम्ही कुठल्या गाडीनं गेला होतात?"

ताईनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या बायकोकडे बघितलं. त्या बाईनं पदराचं टोक एवढं पिळलं होतं की दोरी झाली होती.

"दादा!" ताईनं आत वळून हाक मारली. "धाकट्याला सांग, परतीचं तिकीट एकट्याचं काढू नकोस."

"म्हणजे? ताई, तू आत्ता तर आलीस!"

"मी नाही जात. ही दोघं जातायत." तिनं गल्ल्यामागून स्टूल ओढलं आणि रंगाऱ्यापुढे ठेवलं. "बसा. धाकटा बरोबर असेल, धाकटी तिकडे दारात उभी असेल. आणि त्या मोठ्या दिव्याखाली खाटेवर झोपवतील ना, तेव्हा घाबरायला होतं. मलाही झालं होतं. तेव्हा माझं तोंड आठवा. नीट बघून घ्या आत्ता."

रंगारी बसला आणि नीट बघत राहिला.